दोन खांद्यांचं माप

तुरुंगात मी पहिलं भाषण ठोकलं ते वेळेच्या नियोजनावर.

विषय मीच निवडला होता. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. वय एकसष्ट, म्हणजे तशी तरणीताठीच. गुडघे शाबूत, केस नुकतेच रंगवलेले. एकतीस वर्षं मुलींना काजं-बटणं शिकवल्यामुळे जगातलं काहीही फाटलं तरी आपल्याला ते सांधता येतं, असा त्या बाईचा, म्हणजे तेव्हाच्या माझा, ठाम गैरसमज होता. नागपुरातल्या एका संस्थेने महिला कैद्यांसाठी 'जीवनकौशल्य आणि पुनर्वसन' असा कार्यक्रम हाती घेतला होता. आधी आठ दिवस व्याख्यानं, मग शिवणवर्ग. मी म्हटलं, दोन्ही मीच करते. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्यांना शिक्षा झाली आहे ना आधीच?"

तर मी कडक खळ दिलेली साडी नेसून गेले आणि फळ्यावर चोवीस तासांचं मोठं गोल घड्याळ काढलं. रंगीत खडूंनी त्याच्या फोडी पाडल्या. व्यायाम, काम, वाचन, छंद. समोर सतरंजीवर पंचवीस-तीस बायका. दाराशी स्टुलावर एक वयस्कर शिपाईबाई.

"आपल्या सगळ्यांकडे वेळ फार कमी असतो," मी सुरू केलं.

मागच्या रांगेतून आवाज आला, "कोनापाशी कमी आहे, बाई? माह्यापाशी अजून अकरा वर्षं पडले आहे. तुमाले पायजे का थोडे?"

सगळ्या हसल्या. शिपाईबाईसुद्धा तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे टोपी लावून हसली. मी घड्याळ पुसलं. दुसऱ्या दिवशीचा विषय 'निर्णयक्षमता' होता. त्या दिवशी दोडक्याची भाजी होती आणि ती खायची की नाही, एवढाच निर्णय त्या बायकांच्या हातात होता. निघताना शिपाईबाईने विचारलं, "उद्या काय आहे, बाई?"

"रागावर नियंत्रण."

"मंग मी उद्या स्टूल जरा बाहेर घेते."

आठ दिवस मी अशी बोलत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या, कारण उठून जायची सोय त्यांना नव्हती. आज आठवलं की मी उशीत तोंड खुपसते.

शिवणवर्ग सुरू झाला तेव्हा कुठे मी माणसात आले. तिथली पद्धत वेगळी होती. चार कात्र्या, चारही सुतळीने टेबलाच्या पायांना बांधलेल्या. बाहेर आपण कापड पसरतो आणि कात्री फिरवतो. इथे कात्री जागेवर आणि कापड घेऊन बाई टेबलाभोवती फिरणार. सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. टेपसुद्धा परत. वर्ग सुटल्यावर कुणाच्याही हातात बोटांशिवाय मापाचं साधन उरत नसे.

पण नियम म्हणजे नियम. मी पुठ्ठ्यावर लिहून टांगले होते. पहिला: मापाशिवाय कात्री लावायची नाही. दुसरा: माणसाचे दोन खांदे कधी सारखे नसतात, दोन्ही मोजा. हा दुसरा माझा फार लाडका. तो मी वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेत असे. पोरींनी पाढे म्हणावेत तशा त्या म्हणत. त्यात खुनाच्या प्रकरणातल्या सहा जणी होत्या.

मला अकरा वर्षं देऊ करणारी ती त्यातलीच एक. तिशीच्या आतबाहेरची, काटकुळी, कोराडीकडची. नवरा कोळशाच्या ट्रकवर होता आणि त्याच्याच मरणाचं प्रकरण होतं. खरं काय घडलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. विचारायचं नाही असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि तसं बजावलं नसतं तरी माझी ऐकायची छाती नव्हती. अटक झाली तेव्हा तिची मुलगी अडीच वर्षांची होती. पोरीला सासूने ठेवून घेतलं. त्याला पाच वर्षं झाली होती. भेटायला कुणी येत नसे, फोन लावला तर उचलत नसत.

हात मात्र काय होता तिचा! दोन महिन्यांत तिची टीप मशीनसारखी नाही, पावसाने रेघ ओढावी तशी सरळ पडायला लागली. मी तिला म्हणायचे, "बाहेर गेलीस की दुकान टाक." ती म्हणायची, "तवापर्यंत लोक कपडे घालतीन ना, बाई?"

दिवाळीला प्रदर्शन करायचं ठरलं. प्रत्येकीने आपल्या घरच्या माणसासाठी एक कपडा शिवायचा, प्रदर्शनात मांडायचा आणि मग घरी पाठवायचा. बायकांनी भेटीला येणाऱ्यांकडून मापं मागवली. एकीच्या म्हाताऱ्या आईने तर नातवाचं माप दोरीला गाठी मारून आणलं: ही छाती, ही उंची. सगळ्या कापायला लागल्या. ही कापड मांडीवर घेऊन बसलेली. पिवळं, बारीक पांढऱ्या फुलांचं.

"तुझं काय?" मी विचारलं.

"माप नाई."

"अंदाजाने काप."

"तुमीच म्हनता ना, मापाशिवाय कात्री नाई." तिने पुठ्ठ्याकडे बोट केलं. मग हाताने हवेत दाखवलं. "येवढी होती. तीन विता आन चार बोटं. आता केवढी झाली मले काय माईत?"

आणि तेव्हा ती एकसष्ट वर्षांची शहाणी, जिला कुणी विचारलं नव्हतं, छाती पुढे काढून म्हणाली, "माप मी आणते."

शिपाईबाई स्टुलावरून खाकरली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, जे आनता येत नाई थे कबूल नका करू इथं. यायले दुसरं काई नसते दिवसभर. हेच धरून बसतीन."

मी तिला पुनर्वसनात कुटुंबाचं स्थान काय असतं, ते समजावून सांगितलं. तुरुंगातल्या वरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, घरच्यांची हरकत नसेल तर हरकत नाही. झालं. माझ्या डोक्यात तर मुलाखतच सुरू झाली होती: मायलेकींना जोडणाऱ्या शिक्षिका वगैरे.

जाण्याआधी मुलीच्या आईने एकच सांगितलं. "दोन्ही खांदे मोजजा, बाई. येगयेगळे."

मी खूश. पोरगी शिकली, म्हटलं. आपला नियम आपल्यालाच ऐकवते आहे.

कोराडीची बस घेतली. उतरून बरंच चालावं लागलं. दोरीवरचे कपडे वीजकेंद्राच्या राखेने करडे झालेले. सासू अंगणात तांदूळ निवडत होती. माझ्याच वयाची, पण माझ्यासारखे केस रंगवायची तिला गरज वाटली नव्हती. मी ओळख करून दिली. संस्था, कार्यक्रम, प्रदर्शन, फ्रॉक. तिने सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन पाण्याचा गिलास आणून दिला. मग पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

"पोरीले माय नाई," ती म्हणाली. "डेंग्यूनं मेली म्हनून सांगतलं आहे तिले."

मी म्हणाले, "पण ती तर..."

"मले माईत आहे थे कुठी आहे." तिने खडा उचलून फेकला. "मापासाठी आल्या म्हनता. माह्या पोराचं माप घ्यायले आलं होतं का कोनी? त्याले तर दोन मीटर पांढरं पुरलं नाई, लांब होता."

माझ्या चौथ्या व्याख्यानाचा विषय होता 'प्रभावी संवाद'. मी पाणी प्यायले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि पोरगी शाळेतून आली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, उजव्या खांद्याला दप्तर लटकवलेलं. दारात थांबून, एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत माझ्याकडे बघत राहिली.

"आजी, कोन आहे वं?"

"कपडे शिवनाऱ्या बाई आहे. पत्ता चुकल्या."

माझ्या पर्समध्ये टेप होती. चार पावलं. मी उठून टेप लावली असती तर कुणी मला मारलं नसतं. पण त्या बाईच्या अंगणात, तिचं पाणी पिऊन, मला ते जमलं नाही. मग मी दुसरी अक्कल चालवली. एकतीस वर्षांची सराईत नजर! दाराच्या कडीच्या हिशेबाने उंची धरली. छाती चोवीस, फार तर सव्वाचोवीस. बाही, कंबर. उजवा खांदा खाली दिसत होता. पण दप्तर त्याच बाजूला होतं. ओझ्याने खांदा उतरतो, हे मला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात दप्तर काढून ठेवलं आणि दोन्ही खांदे सारखे केले. बसमध्ये तिकिटाच्या मागे आकडे लिहिले आणि स्वतःवर खूश झाले. खूश! ती एकसष्ट वर्षांची बाई आता समोर आली तर मी तिचा कान पिरगाळेन.

पुढच्या वर्गाला ती माझी वाटच बघत होती. मी आकडे सांगत गेले, ती वहीत लिहीत गेली. उंची ऐकून तिने हात स्वतःच्या बरगडीला लावला. "म्हंजे इथपर्यंत आली माह्या!"

"दोन वेण्या घालते," मी म्हणाले.

"लांब आहे?"

"खांद्याच्या खाली."

"दात पडले असतीन."

"पुढचा एक."

ती हसली. आजूबाजूच्या बायका कापड टाकून ऐकायला लागल्या. "आन खांदे?" तिने विचारलं.

"दोन्हींचा उतार सारखाच. एक इंच."

पेन्सिल थांबली.

"सारखा?"

"हो."

तिने वही मिटली. आवाज चढवला नाही. "तुमी गेल्याच नाई, बाई."

"अगं, गेले होते! दोन वेण्या सांगितल्या ना तुला..."

"या वयात साऱ्याच पोरींले दोन वेन्या असते. साऱ्याइचेच दात पडते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उजवा खाली आहे तिचा. जन्मापासून. झबलं नेहमी तिकडूनच उतरे. मी इथं रोज ओढून द्यो." तिने स्वतःच्या खांद्यावरचं नसलेलं कापड वर ओढलं.

मी तोंड उघडलं. सांगणार काय होते? की मी तिला पाहिलं, पण आठ फुटांवरून? आठ फुटांवरून का, तर सासूने जवळ येऊ दिलं नाही म्हणून. का येऊ दिलं नाही? एक टाका ओढला असता तर सगळी शिवण उसवली असती आणि शेवटी डेंग्यू बाहेर पडला असता. त्या पोरीसाठी तू मेली आहेस, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? स्टुलावरून शिपाईबाई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं असं मला अजूनही वाटतं.

"घाई झाली जरा," मी म्हणाले.

आणि पोरीच्या आईने मला माफ केलं. तीच मला म्हणाली, "जाऊ द्या, बाई. दूर पडते तुमाले. दोन-दोन गाड्या बदलाव लागते." पुढचा आठवडाभर ती माझ्याशी जरा जास्तच चांगलं वागत होती. सतरंजीवरची जागा झटकून देत होती. ते मला सहन होईना.

फ्रॉक तिने माझ्याच आकड्यांनी शिवला. न गेलेल्या बाईचे का होईना, पण तेवढेच आकडे होते. उजवा खांदा मात्र तिने स्वतःच्या आठवणीने अर्धा इंच खाली उतरवला. गळा असा फिरवला, बाहीच्या चुण्या अशा वाटून घेतल्या की फ्रॉक हातात धरला तर काही दिसू नये; अंगात घातल्यावरच कळावं. एकतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थिनीने असं काम केलं नव्हतं. मीही केलं नव्हतं.

प्रदर्शन झालं. बाहेरची माणसं बघून गेली. मग फ्रॉक कागदात गुंडाळून मी पुन्हा कोराडीची बस धरली. या वेळी दुपारी, पोरगी शाळेत असताना.

सासूने मला बसायला सांगितलं. मी पुडकं पुढे केलं आणि बोललेच नाही. तेवढी अक्कल आली होती. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "आनलं तर आनलं. ठेवा. बाजारातून घेतला म्हनून सांगीन."

मला वाटलं, अंगणात फुगडी घालावी.

तिने कागद सोडला. फ्रॉक मांडीवर पसरला. शिवण बघितली, आतली बाजू उलटून बघितली. बायका बघतात तशीच. मग दोन्ही खांदे एकावर एक ठेवून घडी घालायला गेली आणि थांबली. ते खांदे एकमेकांवर बसत नव्हते. तिने बोटाने अर्धा इंच चाचपला. एकदा, दोनदा.

"घेऊन जा," ती म्हणाली.

"काहून?" मीही तिच्याच बोलीवर आले.

"बाजारातला कोनताच कपडा या पोरीले बसत नाई. सारे उजवीकडून घसरते. मी आतून टाचनी लावून देतो. हा बसन. अस्सा बसन." तिने फ्रॉक कागदात ठेवला, पण हात काढला नाही. "थे हुशार आहे. विचारन मले, आजी, दुकानदाराले माहा खांदा कसा काय माईत? काय सांगू मी तिले? कोनं शिवला सांगू?"

माझ्या चुकीच्या मापाने शिवला असता तर फ्रॉक त्या घरात राहिला असता आणि टाचणी लावून का होईना, पोरीने दिवाळीला घातला असता.

फाटकापर्यंत ती आली. म्हणाली, "हात चांगला आहे तिचा." आणि कडी लावून घेतली.

वर्गात मी शिरले तर सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तिने विचारलं नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसती बसली होती. मीच म्हणाले, "बसला."

"खांद्यावरून?"

"जराही घसरला नाही."

"काय म्हनली?"

"गोल गोल फिरली," मी म्हणाले. "घेर फुलला तर हसायला लागली."

हे मात्र तिने लगेच खरं मानलं. पदराने डोळे पुसले, चाक फिरवलं आणि टीप मारायला लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिपाईबाई उठून बाहेर गेली.

संस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर त्या फ्रॉकचा फोटो छापला गेला. मजकूर मीच लिहिला. 'तुटलेल्या नात्यांची शिवण' असं काहीतरी मथळ्यात होतं. हसा, माझी हरकत नाही.

पुढच्या दिवाळीला तिने दुसरा शिवला. माप मागितलं नाही. "दीड इंच वाढली असन," म्हणाली. फ्रॉक घेऊन मी बसमध्ये बसले आणि स्टॉप आला तेव्हा उठलेच नाही. शेवटपर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले. कंडक्टर म्हणाला, "काहून आजी, झोपल्या का?" मी हो म्हटलं. तिसऱ्या वर्षी बसमध्येही बसले नाही. वर्गात माझ्या सांगण्यात मात्र दर वेळी पोरगी नवा फ्रॉक घालून फिरत होती, मोठी होत होती, एकदा तर मी तिला गॅदरिंगमध्ये नाचवलं. मी सांगायचे आणि ती ऐकायची, आणि दोघींना त्याची सवय लागली. चौथ्या फ्रॉकनंतर माझे गुडघे गेले आणि माझं जाणं थांबलं. खरं सांगू? गुडघ्यांचे मी आभार मानले.

आता मी बहात्तर वर्षांची आहे. मागच्या महिन्यात शिपाईबाईचा फोन आला. तीही निवृत्त झाली आहे, पण तिच्या कानावर सगळं येतं.

"बाई, थे तुमची फ्राकवाली सुटून राहिली. तुमचा पत्ता मागते. देऊ काय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिले वाटते, पोरीच्या घरी तुमीच घेऊन जासान. तुमचं येनं-जानं आहे म्हने तिथं."

"दे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पोरगी आता अठरा-एकोणीस वर्षांची असेल. कुठे असेल, माहीत नाही. तिची आई डेंग्यूने गेलेली आहे. आणि चारही फ्रॉक माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. काल बाहेर काढले. पिवळ्याचा रंग जरा उतरला आहे. चारहींना इस्त्री केली. उजवा खांदा इस्त्रीच्या टेबलावर नीट बसत नाही, प्रत्येक वेळी घसरतो. आमचे हे म्हणाले, "कोणी येणार आहे का?" म्हटलं, "हो."

दुपारी बेल वाजली. मी चारही फ्रॉक उशीखाली कोंबले, वर चादर ओढली, त्यावर जाऊन बसले, पुन्हा उठले आणि दार उघडलं. भाजीवाली होती. अर्धा किलो दोडकी घेतली.

फ्रॉक पुन्हा चुरगळले आहेत.